फाल्गुनातला खाडा

वन्सं, काल तुमचा दहावा झाला. भीमेच्या काठावर पिंड ठेवून आम्ही मागं सरलो न सरलो तोच कावळा शिवला. पाहुणे म्हणाले, "बाईची काय इच्छा राहिली नव्हती. समाधानानं गेली." तुमच्या भावानं मान हलवली. मी पदर तोंडाला लावून उभी राहिले. तुमची इच्छा काय होती, ते त्या सगळ्या गर्दीत मला एकटीला ठाऊक होतं.

आज सकाळी माझी पोर स्वाती तिच्या सासरी शिरूरला गेली. बाकीचे पाहुणे खुटबावच्या स्टेशनातून पॅसेंजरनं गेले. तुमचा भाऊ पारावर जाऊन बसलाय. घरात चहाच्या कपांचा ढीग पडलाय तो तसाच टाकून मी मागं परड्यात आलेय, तुमच्या वाफ्यांमधल्या दगडावर बसलेय. आधी तुमच्याशी भांडून घेते. रडायचं ते मग रडेन.

हे काय जायचे दिवस होते का हो? शेवंतीच्या काड्या झाल्यात. गुलछडीचे कांदे मातीत गप पडलेत. मोगऱ्याला आत्ता कुठं दाण्याएवढी कळी धरलेली. एवढ्या मोठ्या परड्यात बघायला जावं तर हिरवा पाला आणि कोरडी माती. तुम्हीच म्हणायचा ना, "मंगल, फाल्गुनात कुनाचं लगीन निघू नये आन् कुनी मरूबी नये. आपल्याकडं द्यायला काय नसतं." आणि नेमका तोच महिना धरलात. जित्याची खोड, दुसरं काय. स्वतःसाठी काही घ्यायची वेळ आली की तुम्ही कायम असाच मुहूर्त काढला.

आपलं भांडण काही दुसऱ्यांच्या नणंद-भावजयांसारखं दुधातुपाचं नव्हतं. एकच होतं आणि ते माझ्या लग्नाच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालं. सगळ्या गल्लीच्या डोक्यात बारा महिने फुलं घालणाऱ्या बाईनं स्वतःच्या डोक्यात एक फूल का घालू नये? तुम्ही आता उत्तर द्यायला नाही, म्हणून मी विषय सोडीन असं समजू नका.

मी निमोण्याची पोर. आमच्याकडं तेव्हा पाणी टँकरनं यायचं. फूल म्हणजे बांधावरची कण्हेर नाहीतर देवळामागचा चाफा. लग्न होऊन इथं आले तर कॅनॉलचं पाणी, उसाची शेतं, हवेत गुऱ्हाळाचा वास, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून येते तर माझ्या घडी केलेल्या लुगड्यावर मोगऱ्याचा गजरा ठेवलेला. केवढा जाड! मला वाटलं, नवऱ्यानं आणला. लाजतबिजत बाहेर आले तर तुम्ही चुलीपुढून म्हणालात, "आवडला का? परड्यातला हाय." मी आपली हुरळून गेले. तुमचा अंबाडा मोकळाच होता, म्हणून माझ्याच गजऱ्यातला निम्मा तोडला आणि म्हणाले, "वन्सं, वळा तिकडं, तुम्हालाबी लावते."

आत्याबाई भाकरी थापत होत्या. तुमची आई, माझी सासू. त्यांचा थापता हात तिथंच थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी कुणी उलटली नाही.

"तिला न्हाई चालत," आत्याबाई म्हणाल्या, आणि पुन्हा थापायला लागल्या.

तेव्हा मला कळलं, की ही माझी थोरली नणंद इथं चार दिवसांसाठी माहेरपणाला आलेली नाही. विशी उलटायच्या आत नवरा गेला, दिरानं आणून सोडलं, तेव्हापासून इथंच. मी त्या निम्म्या गजऱ्याचं काय करावं म्हणून हातात धरून उभी. तुम्ही उठलात, माझ्या हातातून तो घेतला, माझ्याच वेणीत खोचलात आणि मोरीत जाताना हळूच म्हणालात, "तू इचारलंस तेवढं पुरं झालं बाई." मला त्या बोलण्याचा एवढा राग आला! पुरं झालं म्हणे. पुरं कसं होईल?

परडं तेव्हा आजच्याएवढं नव्हतं. मोरीच्या पाण्यावर वाढलेला मोगऱ्याचा एक ताटवा, एक प्राजक्त आणि जुईचा वेल, एवढंच. बाकी जागेत मला वांगी, मिरच्या लावायच्या होत्या. मी तसं बोलूनही दाखवलं. तुम्ही म्हणालात, "वांगं खाल्लं की इसरतं मानूस." मी म्हटलं, "आन् फुलानं पोट भरतंय व्हय?" तुम्ही हसलात आणि दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन माझ्या वांग्यांच्या जागेवर आळी केलीत. भांडण झालं, भांडणात मी हरले, आणि हरले ती हरले, वर शेणखताच्या पाट्याही मीच वाहिल्या.

तुमचं एकच म्हणणं होतं, की परड्यात फुलाचा खाडा पडता कामा नये. कारखान्यातल्या माणसाला खाडा परवडत नाही तसा तुम्हाला फुलांचा परवडायचा नाही. चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत मोगरा. पाऊस लागला की जुई आणि तिच्या पाठोपाठ जाई. गौरी यायच्या वेळी कुंपणाला तेरडा. भादवा-आश्विनात पहाटे प्राजक्ताचा सडा. मग दसरा-दिवाळीचा झेंडू, बरोबर गुलछडीच्या छड्या, आणि थंडी पडली की शेवंती. हे सगळं तुम्ही बोटांच्या पेरांवर मोजायचा. अंगठा पेरावरून पेरावर फिरत जायचा आणि शेवटच्या पेराशी आला की अडायचा. तिथं फाल्गुन. माघ सरता सरता शेवंती वाळते आणि मोगरा चैत्राशिवाय तोंड उघडत नाही. "हितं खाडा पडतोय मंगल," असं म्हणताना तुमचा चेहरा असा व्हायचा, की जसं काही घरातलं माणूस गाडी चुकून स्टेशनातच राहिलंय.

तो खाडा भरायला तुम्ही काय नाही केलं! शेवंतीच्या अर्ध्या रोपांचे शेंडे खुडायचे, म्हणजे ती उशिरा फुलतात, आणि अर्धी तशीच सोडायची. मोगऱ्याचंही तेच. एका ओळीला आधी ताण द्यायचा, पाणी तोडून पानं गळू द्यायची, छाटायचं, खत घालून पाणी सोडायचं. दुसऱ्या ओळीला हेच सगळं पंधरवड्यानं. इकडून शेवंती ओढायची, तिकडून मोगरा ढकलायचा, आणि मधे त्यांची गाठ घालायची. एखाद्या वर्षी पडायचीही गाठ. बहुतेक वर्षी पडायची नाही. भारनियमन सुरू झालं तेव्हा तर वीज येईल तेव्हा पाणी. मोगऱ्याला सांगायचं कसं, की बाबा तुझी वेळ मोटारीवर आहे?

मी म्हणायची, "अहो, अबोली लावा की. बारा महिने असते."

"तिला वास न्हाई."

"मग दवणा लावा. फाल्गुनात घमघमतो."

"दवना पाला हाय. पाल्याला फूल म्हनायचं व्हय?"

"नाकाला काय कळतंय, पाला हाय का फूल हाय ते?"

"नाकाला न्हाई कळत. मला कळतंय."

यावर आपण वर्षानुवर्षं वाद घातला. तुमचा भाऊ जेवता जेवता म्हणायचा, "दोघी येड्या हायेत." तो खरंच तसं समजायचा. पण वन्सं, असं सासरचं माणूस कुणाला मिळतं, की ज्याच्याशी रोज दवण्यावरून भांडता यावं? मी माहेरी जाऊन सांगायची तर आई म्हणायची, "तुझं नशीब चांगलं गं बाई, तुझी नणंद झाडाशी बोलती, तुझ्यावर करवादत न्हाई."

केडगावच्या मिशनच्या आवारात, त्या निराधार बायकांच्या आश्रमात, चांगली शेवंती आहे असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा तुम्ही फुटवे आणायला एकट्याच गेलात. संध्याकाळी ओल्या गोणपाटात गुंडाळून फुटवे घेऊन आलात. चहा घेतला, फुटवे लावले, पाणी घातलं आणि मग सांगायला लागलात. तिथं एक म्हातारी होती. कधीच्या काळी नवरा गेलेला, तिथंच लहानाची मोठी झालेली. तिनंच तुम्हाला फुटवे काढून दिले. आणि तिच्या पांढऱ्या बुचड्यात एक गुलाबी गुलाब खोचलेला.

"ह्या वयात, मंगल! गुलाब!" तुम्ही खो खो हसलात. तोंडात दात नाही आणि डोक्यात गुलाब, म्हणालात.

जेवताना पुन्हा तीच गोष्ट सांगितलीत. दुसऱ्या दिवशी कपडे धुताना पुन्हा. चौथ्यांदा सांगायला लागलात तेव्हा मी हातातलं लुगडं पिळायचं थांबवलं आणि म्हटलं, "वन्सं, तुम्हाला फूल माळायचंय."

तुम्ही इकडंतिकडं बघितलंत. आत्याबाई घरात होत्या. मग तुम्ही लुगड्याचं दुसरं टोक धरलंत, पीळ घातलात आणि म्हणालात, "व्हय. माळायचंय. पन बायजाकाकूच्या तोंडाला कोन लागंल?"

तुमच्या तोंडून 'होय' आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्या आनंदात मी तो 'पण' मोजलाच नाही.

बायजाकाकू म्हणजे आपल्या समोरच्या घरची. मालक, मुलं, गोठाभर जनावरं, कपाळाला हे एवढं कुंकू. तिच्या तोंडून सुटलेली गोष्ट केडगावच्या बाजारात आपल्या आधी पोचायची. कुणाची सून उशिरा उठते, कुणाच्या चुलीवर काय शिजलं, सगळं तिच्या ओट्यावरून दिसायचं. तिच्या ओट्यापुढून जाताना मीसुद्धा पदर नीट करायची, आणि मी काही भित्री नाही.

त्या संक्रांतीचं हळदीकुंकू आठवतं ना? मला तर ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. आदल्या दिवशी बसून तुम्ही शेवंतीच्या वेण्या केल्यात, केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात, प्रत्येक बाईला एक. ओटीसाठी पानं पुसून ठेवलीत, तिळगुळाच्या वड्या थापल्यात. आणि बायका यायच्या वेळी उठून परड्यात गेलात. कुणी सांगावं लागलं नाही. मी हळदीची वाटी घेऊन दारात, आणि खिडकीतून तुम्ही दिसताय, शेवंतीतलं गवत काढताना. गवत नव्हतंच वाफ्यात. सकाळीच आपण दोघींनी काढलं होतं.

बायजाकाकू आल्या. वेणी हातात घेऊन त्यांनी फिरवून फिरवून बघितली. "कुनी केल्या ह्या? इंदूनं? आन् ती कुठं हाय?"

आत्याबाई घाईघाईनं म्हणाल्या, "मागं हाय. तिचं काय काम हितं?"

 बायजाकाकूंनी वेणी माळली, वाण घेतलं आणि त्या गेल्या. त्या गेल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "बघितलंस? मुद्दाम इचारलं. टोचायला." मलाही तसंच वाटलं. तुम्हाला सांगितलं तर तुम्हीही म्हणालात, की टोचायलाच विचारलं असणार. त्यांचा स्वभावच तसा.

त्या दिवशी मी तुमच्यावर ओरडले. त्यांच्यावर ओरडायचं सोडून तुमच्यावर. म्हटलं, "फुलं तुमची, हात तुमचे, आन् तुम्हीच चोरासारख्या मागं? लोकांचं तोंड कुणी धरलंय? उद्या मीच तुमच्या डोक्यात घालते आन् अख्ख्या गल्लीतून फिरवून आणते, बघू कोण काय म्हणतंय."

तुम्ही खुरपं खाली टाकलंत. तुम्हाला एवढं चिडलेलं मी परत कधी पाहिलं नाही. "तुझ्या पोरीचं लगीन व्हायचंय. घराला नाव लागलं तर तिला कोन करंल? तुला बोलायला काय जातंय? उचलली जीभ लावली टाळ्याला." आणि मग जरा वेळानं, खाली बघून म्हणालात, "माझा शेवटचा गजरा त्यांनीच आनला हुता. केडगावच्या ठेसनावरनं. तो अजून सुकलाबी नव्हता, तवर ते गेले आन् आईनं येऊन काढून घेतला. आईचा हात थरथरत हुता, मंगल. तिला पुन्यांदा तसं करायला लागू नये."

 पुढं काही दिवस आपला अबोला. मग एका सकाळी माझ्या चुलीजवळ ताटलीत शेवंती ठेवलेली, सगळ्यात मोठं फूल. मी माळलं आणि पाठ तुमच्याकडं करून उभी राहिले. तुम्ही म्हणालात, "वाकडं झालंय," आणि सरळ केलंत. मिटलं.

पण मी विषय सोडला नाही. दर ऋतूला विचारायची. मोगरा आला की विचारायची. तुम्ही म्हणायचा, "जुई येऊ दे." जुई आली की, "दसरा होऊ दे." दसऱ्याला, "शेवंतीचं बघू." ज्या बाईला परड्यात एका दिवसाचा खाडा खपायचा नाही, ती स्वतःची पाळी मात्र अशी एका फुलावरून दुसऱ्या फुलावर ढकलत राहिली. मला हसूही यायचं आणि डोक्यात तिडीकही जायची.

स्वातीचं लग्न नेमकं फाल्गुनात निघालं. मुलाकडच्यांना तीच तारीख सोयीची. मी म्हटलं, जाऊ द्या, फुलं केडगावातून आणू. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, की जसं मी पोरीला विकायला काढलंय. त्या वर्षी दिवाळी झाल्या झाल्या तुम्ही मोगऱ्याचं पाणी तोडलंत. पौषात छाटलंत. लेंडीखत आणलंत धनगराच्या वाड्यावरून, माझ्या नवऱ्याला सायकलवर दोन फेऱ्या मारायला लावून. थंडीत रात्री कळी गारठू नये म्हणून संध्याकाळी झाडांवर माझ्या जुन्या साड्या टाकायचा आणि सकाळी काढायचा. भाऊ म्हणाला, "आक्का, झाडाला गोधडी शिवती का आता?" तुम्ही म्हणालात, "शिवीन. तुझ्या पोरीसाठी काहीबी करीन."

आणि आला मोगरा. लग्नाच्या दिवशी सकाळी पाटीभर. वऱ्हाडातल्या बायका विचारत होत्या, की ह्या दिवसात हा मोगरा कुठून आणला. तुम्ही आतल्या खोलीत दाराआड बसून गजरे करत होतात, आणि प्रत्येक 'कुठून' तुम्हाला ऐकू येत होतं. तुमचा चेहरा मी पाहिला. तसा चेहरा मी पोरीच्या अक्षता पडतानाही कुणाचा पाहिला नाही.

सगळ्यांना वाटून एक गजरा उरला. मी आत आले, दार लोटलं आणि तो घेऊन तुमच्या मागं उभी राहिले. तुम्ही माझं मनगट धरलंत. घट्ट.

"आज न्हाई. मांडवात बायजाकाकू हायेत."

"असू द्या की."

"पोरीचं मंगल कार्य हाय. आज नको बाई, पाया पडते तुझ्या."

थोरली नणंद पाया पडते म्हणाली म्हणून मी हात खाली घेतला. तुम्ही तो गजरा ओंजळीत धरून नाकाशी नेलात, डोळे मिटलेत आणि मग पिण्याच्या पाण्याच्या पिंपात सोडून दिलात. सगळं वऱ्हाड मोगऱ्याच्या वासाचं पाणी प्यालं. व्याही विचारत होते, वाळा घातलाय का म्हणून.

त्यानंतर आत्याबाई गेल्या. बायजाकाकूंचे मालक गेले. तेव्हापासून बायजाकाकू रोज सकाळी काठी टेकत आपल्या परड्यात यायच्या. तुम्ही त्यांना मालकांच्या फोटोसाठी फुलं द्यायचा. फुलं घेऊनही त्या लगेच जायच्या नाहीत. कुंपणाशी उभ्या राहायच्या, तुम्ही फुलं तोडताना बघत. त्या आल्या की आपण दोघी गप्प. मी कुजबुजायची, "राखण करतीय म्हातारी. तुम्ही माळता का बघायला येतीय." तुम्ही म्हणायचा, "श्श्, ऐकंल." आणि अंबाडा पदराखाली झाकायचा, त्यात काही नसतानासुद्धा.

या माघात मोगरा छाटताना मी पुन्हा विचारलं. या वेळी मी भांडले नाही. म्हटलं, "आत्याबाई नाहीत. स्वाती तिच्या घरी सुखात आहे. आता कुणासाठी थांबायचं, वन्सं? आपण दोघी म्हाताऱ्या झालो." तुम्ही कात्री बाजूला ठेवलीत. बराच वेळ छाटलेल्या काड्या गोळा करत राहिलात. मग म्हणालात, "पयली कळी उमलली की तूच माळ. पन परड्यातच हां. भाईर न्हाई. आन् सकाळी लवकर. बायजाकाकू यायच्या आधी."

मला पोरीसारखं नाचावंसं वाटलं. त्या दिवसापासून मी रोज सकाळी मोगरा बघायला जायची. तुम्हाला कळू नये म्हणून पाणी घालायचं निमित्त. तुम्ही म्हणायचा, "मुळं कुजतील की गं, किती पानी घालशील?" तुम्हाला सगळं कळत होतं.

आणि मग ती सकाळ. तुम्ही म्हणालात, छातीत दुखतंय. भावानं जीप आणली. केडगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत माझ्या मांडीवरच तुमचा हात सैल झाला. मी तुम्हाला हाका मारल्या. त्या तुम्हाला ऐकू आल्या का, एवढं मात्र मला कळलं नाही.

दुपारी घरी आणलं. अंगण माणसांनी भरलं. बायकांनी तुम्हाला न्हाऊ घातलं, नवं पातळ नेसवलं. तुमचे केस मी विंचरले. किती मऊ होते हो! इतकी वर्षं एका घरात राहून मी तुमच्या केसांना कधी हात लावला नव्हता. मी अंबाडा बांधला आणि कुणाला काही न सांगता उठून परड्यात आले. मोगऱ्याला कळ्या होत्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या, हिरव्यागार. त्या तोडून काय करायचं? भिंतीच्या सावलीतल्या उशिराच्या शेवंतीवर चार-दोन फुलं राहिली होती, कडा तपकिरी पडलेली. तीच घेतली.

अंगणात आले तर बायकांनी वाट दिली. माझ्या हातात काय आहे ते सगळ्यांना दिसलं. रडणं थांबलं. मी तुमच्या डोक्याशी बसले, मान जरा कलती केली आणि ती फुलं तुमच्या अंबाड्यात खोचली.  मी उत्तर तयार ठेवलं होतं, वन्सं. एवढ्या वर्षांचं साठवलेलं. कुणी एक शब्द काढू दे, तिला मी मयताच्या अंगणात उभी सोलणार होते.

समोर काठीचा आवाज झाला. बायजाकाकू पुढं आल्या. वाकल्या. तुमच्या डोक्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आकडा लाव की गं," त्या म्हणाल्या. "वाटंत पडतील न्हाईतर."

आणि स्वतःच्या पांढऱ्या केसांतला आकडा काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. हाताला ओढ बसली म्हणून बघितलं, तर त्यांनी माझी बोटं सोडलीच नव्हती. "लई शोभती," त्या म्हणाल्या, "पोरीला पयल्यापासनं शोभली असती. म्या रोज यायची ते बघायला, की आज तरी एखादं घालती का."

मी आकडा लावला. कुणी काही बोललं नाही, वन्सं. तुम्हाला उचललं, वेशीपर्यंत नेलं, अख्ख्या गल्लीतून नेलं, आणि कुणीही काही बोललं नाही. जिच्या भीतीनं तुम्ही सगळा जन्म मोकळ्या डोक्यानं काढलात, तिला आपण दोघींनी एकदाही विचारलं नव्हतं.